लॉगरमधला दहा अंकी आकडा आणि साडेपाच तासांचा घोळ

रावेर तालुक्यातल्या एका केळी बागायतदाराचा प्रश्न थोडक्यात असा. बागेत छोटं हवामान केंद्र आहे आणि घराशेजारच्या रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे केळी पिकवायच्या खोलीत, तापमानाचा लॉगर, म्हणजे ठरावीक वेळाने नोंद करणारं यंत्र. दोन्हींच्या मेमरी कार्डमधून सीएसव्ही फाइल, म्हणजे साध्या मजकुरातला तक्ता, निघते, पण तारखेच्या जागी एकात १७४७१३०४०० असा दहा अंकी आणि दुसऱ्यात तेरा अंकी आकडा येतो. एक्सेलमध्ये त्याला तारखेचा फॉरमॅट दिला की नुसत्या ##### खुणा दिसतात. इंटरनेटवरच्या कन्व्हर्टरमध्ये टाकलं तर दुपारच्या तीनची नोंद सकाळी साडेनऊची म्हणून येते. शिवाय दिल्लीकडे केळी नेणाऱ्या ट्रकचा जुना जीपीएस ट्रॅकर भलतीच तारीख दाखवतो. मग खरी वेळ कुठली?

भाऊ, आधी सूत्र घ्या, कारण आज काम त्याच्यावरच अडलंय. दहा अंकी आकडा ए२ या सेलमध्ये असेल, तर शेजारच्या रिकाम्या सेलमध्ये लिहा:

=(ए२+१९८००)/८६४००+२५५६९

तेरा अंकी असेल तर:

=(ए२/१०००+१९८००)/८६४००+२५५६९

इथे वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत लिहिलंय, एक्सेलमध्ये टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजी कळफलकाचेच हवेत. नंतर त्या सेलला फॉरमॅट सेल्समधून कस्टम फॉरमॅट द्या: डीडी-एमएम-वायवायवायवाय एचएच:एमएम. १७४७१३०४०० चं उत्तर १३-०५-२०२५ १५:३० आलं पाहिजे. ते आलं की सूत्र खाली ओढा. लिब्रेऑफिस आणि गूगल शीट्समध्येही हेच सूत्र चालतं. गूगल शीट्समध्ये एपॉकटूडेट नावाचं तयार फंक्शन आहे, पण ते यूटीसी, म्हणजे ग्रिनिचची वेळ देतं, साडेपाच तास आपले आपण मिळवावे लागतात.

आता यातला एकेक आकडा बघू, म्हणजे तो कधी बदलायचा ते कळेल. हा आकडा म्हणजे १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून किती सेकंद उलटले त्याची मोजणी. ती मध्यरात्र ग्रिनिचची, म्हणजे यूटीसीची. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. ८६४०० म्हणजे एका दिवसाचे सेकंद. १९८०० म्हणजे साडेपाच तासांचे सेकंद. १९७० पासून आजवर भारतीय प्रमाणवेळेत कधीच बदल झालेला नाही, युरोप-अमेरिकेसारखी उन्हाळ्यात घड्याळं पुढे करायची भानगड इथे नाही, म्हणून १९८०० हा आकडा आपल्याला डोळे झाकून कायमचा वापरता येतो. २५५६९ हा एक्सेलच्या मोजणीत १ जानेवारी १९७० चा क्रमांक. एक्सेल १९०० सालापासून दिवस मोजतं, सेकंद नाही. म्हणूनच तुमचा मूळ आकडा त्याला १७४ कोटी दिवस वाटला. एक्सेलची तारीख सन ९९९९ च्या ३१ डिसेंबरला, म्हणजे २९५८४६५ या क्रमांकावर संपते. त्यापुढे #####. सेल कितीही रुंद केला तरी त्या खुणा जात नाहीत.

काही जण आधी भागाकार करतात आणि शेवटी साडेपाच तासांसाठी ०.२२९ मिळवतात. हे टाळा. खरा अपूर्णांक ०.२२९१६६६... असा न संपणारा आहे, ०.२२९ वर थांबलात तर प्रत्येक नोंद १४ सेकंदांनी मागे जाते. सेकंद सेकंदांतच मिळवा, भागाकार नंतर.

फाइल जुन्या मॅकवर बनलेली असेल तर तारखा चार वर्षं आणि एक दिवस चुकू शकतात. तिथे मोजणी १९०४ पासून असते. २५५६९ मधून १४६२ वजा करून २४१०७ वापरायचा की झालं.

हातानेही एकदा करून बघा, विश्वास बसतो. १७४७१३०४०० ला ८६४०० ने भागलं की २०२२१ पूर्ण दिवस आणि वर ३६००० सेकंद उरतात. १९७० ते २०२४ या ५५ वर्षांचे दिवस १४ लीप वर्षं धरून २००८९. उरले १३२. जानेवारी ते एप्रिल १२० दिवस, उरले १२, म्हणजे मे महिन्याचे बारा दिवस सरून तेरावा चालू. ३६००० सेकंद म्हणजे दहा तास, त्यात साडेपाच मिळवले की दुपारचे साडेतीन.

आता मोजणीचं एकक. अंक मोजणं ही पहिली चाळणी: सध्याच्या काळात दहा अंक म्हणजे सेकंद, तेरा म्हणजे मिलिसेकंद, सोळा म्हणजे मायक्रोसेकंद, एकोणीस म्हणजे नॅनोसेकंद. पण खात्रीची चाचणी वेगळी आहे. लागोपाठच्या दोन ओळींची वजाबाकी करा. लॉगर दर १५ मिनिटांनी नोंद करतो हे तुम्हाला माहीत आहे. फरक ९०० आला तर सेकंद, ९००००० आला तर मिलिसेकंद, ०.०१०४१६ आला तर तो आकडा आधीच एक्सेलच्या दिवसांत आहे आणि त्याला फक्त फॉरमॅट द्यायचाय. एकक चुकलं की उत्तर इतकं विचित्र येतं की लगेच ओळखू येतं. सेकंदांना मिलिसेकंद समजलं तर आजकालची प्रत्येक नोंद जानेवारी १९७० च्या २१ तारखेच्या आसपास जाऊन पडते. मिलिसेकंदांना सेकंद समजलं तर सन ५६,००० च्या पुढे जाते, आणि एक्सेल पुन्हा ##### दाखवतं.

नऊ अंकी आकडा दिसला, ८० कोटींच्या घरातला, तर शून्यबिंदूच वेगळा आहे. काही उपकरणं १ जानेवारी २००० पासून मोजतात. १३ मे २०२५ च्या दुपारी साडेतीनला त्यांचा आकडा ८००४४५६०० असतो, आणि नेहमीच्या सूत्रात तो १४ मे १९९५ दाखवतो. उपाय: आधी ९४६६८४८०० मिळवा. ॲपलच्या काही ॲप्सची मोजणी २००१ पासून असते, तिथे मिळवायचा आकडा ९७८३०७२००. विंडोजच्या आत अठरा अंकी आकडे असतात, ते १६०१ सालापासूनचे आणि सेकंदाच्या एक कोटीव्या भागात. त्याला एक कोटीने भागून ११६४४४७३६०० वजा केले की नेहमीचे सेकंद मिळतात. हे शेतातल्या लॉगरमध्ये सहसा येत नाही, पण चेंबरचं सॉफ्टवेअर विंडोजच्या पीसीवर चालत असेल तर येऊ शकतं.

सगळ्यात जास्त नुकसान कशाने होतं, तर सीएसव्हीवर डबल क्लिक करून उघडायचं आणि सवयीने सेव्ह करायचं. तेरा अंकी आकडा एक्सेल १.७४७१३ई+१२ असा दाखवतं. नुसतं दाखवलं तोवर काही बिघडत नाही, आत पूर्ण आकडा शाबूत असतो. पण ती फाइल परत सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की जे दिसतं तेच लिहिलं जातं. मग उरलेला आकडा १०,००० सेकंदांपर्यंतच अचूक राहतो, म्हणजे जवळजवळ पावणेतीन तास. दर १५ मिनिटांच्या अकरा-बारा ओळींना एकच वेळ येते आणि मूळ फाइल नसेल तर ती माहिती परत मिळत नाही. सोळा आणि एकोणीस अंकी आकड्यांचं तर उघडतानाच नुकसान होतं, कारण एक्सेल पंधरा अंकांपुढचे शून्य करतं. म्हणून मेमरी कार्डवरची फाइल आधी जशीच्या तशी एका फोल्डरमध्ये कॉपी करून ठेवा, आणि एक्सेलमध्ये डेटा टॅबमधून आयात करताना तो कॉलम टेक्स्ट म्हणून घ्या. मूळ आकड्यांचा कॉलम कधीही पुसू नका. तारखेचा कॉलम शेजारी बनवा. चूक सापडली की फक्त सूत्र बदलायचं, डेटा नाही.

आता मुख्य प्रश्न, साडेपाच तास मिळवायचे की नाही. नियमाप्रमाणे हा आकडा यूटीसीवरच मोजलेला असायला हवा. पण स्थानिक पातळीवर जोडलेले बरेच लॉगर हा नियम पाळत नाहीत. आर्डुइनो या छोट्या सर्किट बोर्डावर बनवलेल्या लॉगरमध्ये वेळेची चिप, म्हणजे आरटीसी, प्रोग्राम चढवताना कंप्युटरच्या घड्याळावरून लावली जाते. कंप्युटरचं घड्याळ भारतीय वेळेचं. चिपला टाइम झोन काय असतो ते ठाऊक नसतं, आणि लायब्ररी, म्हणजे प्रोग्राममध्ये वापरलेला तयार कोड, ती वेळ यूटीसी समजून सेकंद काढते. त्यामुळे त्या आकड्यात साडेपाच तास आधीच घुसलेले असतात. वरचं सूत्र लावलं की ते दोनदा मिळवले जातात. वायफायवरून वेळ घेणाऱ्या लॉगरमध्येही हेच होतं: एनटीपीक्लायंट लायब्ररीला १९८०० चा ऑफसेट, म्हणजे मिळवायचा फरक, दिला की ती सेकंदांचा आकडाही ऑफसेटसकट देते. अशा फाइलसाठी सूत्रातून १९८०० काढून टाकायचे, बाकी तसंच.

कुठल्या फाइलमध्ये काय आहे हे विक्रेत्याला विचारून कळेलच असं नाही. ते सूर्याला विचारा. हवामान केंद्राला प्रकाशाचा किंवा सौर किरणांचा सेन्सर असेल तर निरभ्र दिवसाचा आलेख काढा. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. जळगाव साधारण ७५.६ अंशावर आहे. एका अंशाला चार मिनिटं या हिशेबाने जळगावात सूर्य सुमारे २८ मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, धुळ्याला ३१, नंदुरबारला ३३ मिनिटं. वर्षभरात यात पंधरा-एक मिनिटं इकडेतिकडे होतात, पण आलेखाचं शिखर साडेबाराच्या आगेमागेच पडायला हवं. ते सकाळी सातला दिसत असेल तर वेळ यूटीसीत आहे, १९८०० मिळवायचे राहिलेत. संध्याकाळी सहाला दिसत असेल तर दोनदा मिळवलेत. प्रकाशाचा सेन्सर नसेल तर तापमान बघा. मे महिन्यात रावेर-भुसावळकडे पारा दुपारी अडीच ते चारच्या दरम्यान सर्वांत वर असतो. शिखर सकाळी साडेनऊला किंवा रात्री नऊला दिसलं तर घोळ कुठे आहे ते कळलंच. तुम्ही कन्व्हर्टरमध्ये बघितलेली सकाळी साडेनऊची वेळ खरोखर दुपारच्या तीनची होती की नाही, याचा निकालही हाच आलेख देतो. एकाच दिवसावर भरवसा ठेवू नका, ढग किंवा वळीव असेल तर शिखर सरकतं. चार-पाच कोरडे दिवस घ्या.

रायपनिंग चेंबरमध्ये ही युक्ती चालत नाही, कारण तिथे तापमान मुद्दाम स्थिर ठेवलेलं असतं. तिथे दार उघडल्याची खूण शोधा. माल भरताना किंवा काढताना तापमान झटकन वर जातं, आणि ती वेळ गेटच्या रजिस्टरमध्ये असते. वीज गेल्याची वेळही चालते. नाहीच काही तर आज मोबाइलच्या घड्याळात नेमके दहा वाजता सेन्सर मुठीत धरा आणि पाच मिनिटांनी सोडा. सहज ओळखता येईल असा उंचवटा चेंबरच्या लॉगमध्ये उमटतो. मात्र दर १५ मिनिटांची नोंद असेल तर हा प्रयोग नोंदीच्या वेळेला धरून करा, नाहीतर उंचवटा दोन नोंदींच्या मध्येच विरून जाईल.

साडेपाच तासांनी एवढं काय बिघडतं, असं वाटू शकतं. तासांच्या आलेखात फारसं नाही, डोळ्यांना ते दिसतंच. बिघडतं ते दिवसाच्या हिशेबात. यूटीसीचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो. आणि हिवाळ्यात किमान तापमान नेमकं सूर्योदयाच्या आगेमागे, सहा ते सातच्या दरम्यान येतं. म्हणजे सगळ्यात थंड पहाट बरोबर दिवसाच्या सीमेवर पडते. समजा १६ जानेवारीची पहाट कडाक्याची आहे आणि १५ ची सौम्य होती. यूटीसीने गट केले तर १६ च्या पहाटे सव्वापाचची थंडी १५ तारखेच्या खात्यात जाते आणि पावणेसातची १६ च्या. एका थंड रात्रीचे दोन थंड दिवस होतात. केळीच्या हवामानावर आधारित फळपीक विम्याच्या निकषांशी नोंदी ताडून बघताना किमान तापमान सलग किती दिवस उंबरठ्याखाली होतं हे मोजायला गेलात तर हिशेब इथेच फसतो. भरपाई अर्थात तुमच्या लॉगरवर ठरत नाही, अधिकृत केंद्राच्या नोंदीवर ठरते. पण दोन नोंदींत तफावत दाखवायची असेल तर आपली बाजू तरी साफ हवी.

पावसाचं आणखी एक वेगळं. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. काल साडेआठ ते आज साडेआठ एवढा पाऊस आजच्या तारखेला लिहितात. तुमचं केंद्र मध्यरात्रीपासून बेरीज करत असेल, तर रात्रभर पडलेल्या पावसाचे आकडे शासकीय नोंदीशी कधीच जुळणार नाहीत, आणि त्यात दोष कुणाचाच नसतो. जुळवायचं असेल तर भारतीय वेळेचा कॉलम सी धरून नव्या कॉलममध्ये =राउंडअप(सी२-५११/१४४०,०) लिहा आणि त्यावर बेरीज करा. ५११ म्हणजे ८ तास ३१ मिनिटं. एक मिनिट जास्त मुद्दाम घेतलंय: नेमक्या साडेआठच्या ओळीत मागच्या पंधरा मिनिटांचा पाऊस असतो, ती ओळ आजच्याच खात्यात राहायला हवी, दशांशाच्या शेवटच्या अंकामुळे उद्यावर जायला नको. लॉगर आपली वेळ नोंदीच्या सुरुवातीची लिहितो की शेवटची, हे मात्र माहितीपत्रकात बघा. सुरुवातीची लिहीत असेल तर ५११ च्या जागी ४९६ घ्या.

काही तारखा वेळ सांगत नाहीत, बिघाड सांगतात. ०१-०१-१९७० ०५:३० म्हणजे आकडा शून्य आहे. वायफायवाला लॉगर सुरू झाला पण त्याला नेट मिळालं नाही, की तो इथूनच मोजायला लागतो. ०१-०१-२००० च्या आसपासच्या तारखा म्हणजे वीज गेली तेव्हा आरटीसीचा बटणसेल संपलेला होता, आणि वीज आल्यावर चिपने नव्याने मोजणी सुरू केली. साधारणपणे तो सेल सीआर२०३२ असतो. ०७-०२-२१०६ ११:५८ दिसलं तर आकडा ४२९४९६७२९५ आहे, म्हणजे लॉगरला वेळ वाचताच आली नाही आणि त्याने रिकाम्या जागेची खूण लिहिली. ती ओळ टाकून द्या.

सेल संपल्यामुळे बिघडलेला भाग मात्र टाकू नका, तो वाचवता येतो. शेजारच्या कॉलममध्ये प्रत्येक ओळीतून आधीची ओळ वजा करा. सगळीकडे ९०० दिसेल. जिथे उणे किंवा प्रचंड मोठा आकडा दिसेल तिथे नवा तुकडा सुरू झाला. त्या तुकड्यातली एक जरी खरी वेळ माहीत असली, जसं की कार्ड काढल्याची वेळ म्हणजे शेवटची ओळ, तर खरी वेळ वजा लॉगरची वेळ हा फरक त्या तुकड्याच्या सगळ्या ओळींत मिळवायचा. प्रत्येक तुकड्याचा फरक वेगळा. दिवसातून चारदा वीज जात असेल तर चार तुकडे, कंटाळवाणं काम आहे. सेल वेळेवर बदलणं स्वस्त.

घड्याळ थोडंथोडं सरकतंही. डीएस३२३१ ही वेळेची चिप तापमान सांभाळून घेते, वर्षाला मिनिटभराचा फरक. डीएस१३०७ साध्या क्रिस्टलवर चालते, आणि तो क्रिस्टल २५ अंशांपासून जितका लांब जाईल तितका मागे पडतो. लोखंडी पेटी मेच्या उन्हात ५५ अंशांवर गेली तर त्या तापमानाला दिवसाला अडीच सेकंदांच्या वर मागे पडण्याचा वेग येतो. खानदेशातल्या उन्हात पेटीला पांढरा रंग आणि सावली दिली तर घड्याळही सुधारतं.

पुढे मुलाकडून पायथनमध्ये करून घेणार असाल तर त्याला एवढंच सांगा: फ्रॉमटाइमस्टॅम्प हे फंक्शन टाइम झोन दिल्याशिवाय वापरायचं नाही. न दिल्यास ते ज्या यंत्रावर चालतं त्याची वेळ घेतं. घरच्या लॅपटॉपवर बरोबर येणारी तारीख भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर साडेपाच तास मागे जाते, कारण ते सर्व्हर सहसा यूटीसीवर लावलेले असतात. झोनचं नाव आशिया/कोलकाता. मायएसक्यूएलमध्ये फ्रॉम_युनिक्सटाइमचंही तसंच, आधी सेशनचा टाइम झोन +०५:३० लावा. जावास्क्रिप्टला मिलिसेकंद लागतात, दहा अंकी आकड्याला हजाराने गुणा.

फाइल दुसऱ्याला पाठवताना तारीख २०२५-०५-१३ १५:३० +०५:३० अशी, वर्ष आधी ठेवून लिहा. ०५/१२/२०२५ असं लिहिलेली अमेरिकी पद्धतीची १२ मे भारतीय सेटिंगच्या एक्सेलमध्ये गुपचूप ५ डिसेंबर होते. आणि १३ तारखेपासून पुढच्या तारखा, तेरावा महिना नसल्यामुळे, सेलच्या डाव्या कडेला चिकटून नुसता मजकूर म्हणून राहतात. एकाच कॉलममध्ये काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या की उजवीकडच्यांवर विश्वास ठेवू नका.

राहिला दिल्लीकडे केळी नेणाऱ्या ट्रकचा जुना जीपीएस ट्रॅकर. जीपीएस आठवडे मोजतं, आणि जुन्या यंत्रांत ती मोजणी १०२४ आठवड्यांनी शून्यावर येते. शेवटची वेळ एप्रिल २०१९ ची होती. अशा ट्रॅकरवर १३ मे २०२५ ऐवजी २७ सप्टेंबर २००५ दिसतं. पूर्ण आठवड्यांचा फरक असल्यामुळे वार मात्र बरोबर राहतो, दोन्ही मंगळवारच, त्यामुळे वार बघून चूक सापडत नाही. तारखेत ७१६८ दिवस मिळवा. तो ट्रॅकर तास-मिनिटंही यूटीसीतच देत असेल, तेव्हा साडेपाच तास इथेही तपासून घ्या.